न दिसणाऱ्या वाऱ्याचे थेट प्रक्षेपण

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात सकाळचे सात वाजतात आणि शेकडो गरम हवेचे बलून एकामागोमाग एक जमीन सोडू लागतात, तेव्हा बडोद्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात दिवेलागणीच्या वेळी घरी असणाऱ्या कोणालाही तो सोहळा थेट पाहता येतो. पाहणाऱ्यांचा अनुभव मात्र बहुधा सारखाच असतो. पहिली काही मिनिटे डोळे निवतात, मग एक बलून दुसऱ्यासारखाच वाटू लागतो आणि थोड्याच वेळात वाहिनी बदलली जाते. यात पाहणाऱ्याचा दोष नाही. बलूनच्या उड्डाणात जे खरोखर घडत असते ते कॅमेऱ्याला दिसतच नाही, कारण ते घडवणारा असतो वारा, आणि वाऱ्याला रंग नाही की आकार नाही. चांगले प्रक्षेपण आणि सुमार प्रक्षेपण यांतला सारा फरक माझ्या मते एवढाच आहे, की पडद्यावर वारा दिसला की नाही. तो दाखवण्यासाठी दूरचित्रवाणीच्या मंडळींना कशाकशाशी झुंजावे लागते, हे कळले की तोच कार्यक्रम तासभर खिळून पाहावासा वाटतो.

अल्बुकर्कीचा हा महोत्सव मुळात एका प्रसारण केंद्राच्या वाढदिवसातून जन्मला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९७२ साली केओबी या स्थानिक रेडिओ केंद्राला पन्नास वर्षे होत होती. त्यानिमित्त सिड कटर या स्थानिक बलूनचालकाच्या पुढाकाराने ८ एप्रिल रोजी कोरोनाडो सेंटर या बाजारसंकुलाच्या वाहनतळावरून बलून उडवायचे ठरले. एकवीस पायलटांनी होकार कळवला होता, पण खराब हवामानामुळे काहींना तेथवर पोहोचताच आले नाही आणि प्रत्यक्षात तेरा बलून उडाले. पुढे २००० साली नोंदणी झालेल्या बलूनांची संख्या १,०१९ पर्यंत गेली आणि त्यानंतर सुरक्षिततेसाठी तिला मर्यादा घालण्यात आली. आकडे एवढे बदलले, तरी पहिल्या दिवशी जे घडले तेच आजही खरे आहे: किती बलून उडतील आणि ते उडतील की नाही, हे शेवटी हवा ठरवते.

बलून वर का जातो, एवढे आधी पाहून घेऊ. समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२२५ किलो भरते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली की ती पसरते आणि घनमीटरमागे वजन ०.९५ किलोच्या आसपास उतरते. फरक जेमतेम पाव किलोहून थोडा अधिक आहे. पण तीन-चार माणसे नेणाऱ्या बलूनचे कापडी आवरण सुमारे २,२०० घनमीटरांचे असते, त्यामुळे एकूण उचल ६०० किलोच्या घरात जाते आणि त्यात कापड, टोपली, प्रोपेन वायूच्या टाक्या व माणसे बसवावी लागतात. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने तोच बलून तेवढ्याच तापमानाला पंधरा ते वीस टक्के कमी वजन उचलतो; समुद्रसपाटीला जवळ असलेल्या बडोद्याच्या मैदानावर ही अडचण येणार नाही. मॉन्तगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून माणसे पॅरिसवरून पहिल्यांदा मुक्तपणे उडाली ती २१ नोव्हेंबर १७८३ रोजी, आणि प्रोपेनचा बर्नर बसवलेला आजच्या धाटणीचा बलून एड योस्ट यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्कात उडवला. या दोन तारखांच्या मध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली, तरी एक गोष्ट तशीच राहिली: बलूनला सुकाणू नाही. पायलट बर्नर पेटवून वर जाऊ शकतो, माथ्यावरची झडप दोरीने ओढून गरम हवा बाहेर सोडून खाली येऊ शकतो, आणि एवढेच करू शकतो. डावीकडे की उजवीकडे, हे त्याच्या हातात नसते.

मग शेकडो पायलट ठरलेल्या खुणेजवळ पोहोचतात तरी कसे? याचे उत्तर बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर उभ्या राहिलेल्या कोणालाही अर्धे ठाऊक असते. पतंगाला छूट दिल्यावर घरांच्या उंचीइतक्या पट्ट्यात तो लोळत राहतो, ठुमके देऊन देऊन त्याला वर चढवावे लागते. मग एका उंचीनंतर मांजा एकदम ताणला जातो, फिरकी धरणाऱ्याच्या हातात ती सरसरून फिरू लागते, आणि कधीकधी पतंग आतापर्यंत ज्या बाजूला कलत होता ती बाजू सोडून दुसरीकडे झुकतो. खालचा वारा आणि वरचा वारा वेगळा असतो, त्यांचा जोर वेगळा असतो आणि दिशाही वेगळी असू शकते. पतंग उडवणाऱ्याला हे बोटांना कळते. बलूनचा पायलट याच वेगवेगळ्या थरांवर आपला सारा प्रवास बेततो. पूर्वेला जायचे असेल तर पूर्वेकडे नेणारा थर कोणत्या उंचीवर आहे तो शोधायचा, त्या थरात जाऊन थांबायचे, आणि काम झाले की दुसरा थर पकडायचा.

अल्बुकर्कीला निसर्गाने या बाबतीत भरभरून दिले आहे. रिओ ग्रान्दे नदीचे खोरे तेथे उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते आणि पूर्वेला सँडिया पर्वत उभा आहे. रात्री जमीन निवते, थंड जड हवा खोऱ्याच्या उताराने दक्षिणेकडे सरकू लागते, आणि तिच्यावर काही शे फुटांवर बऱ्याच सकाळी उलट दिशेचा, म्हणजे उत्तरेकडे नेणारा वारा असतो. पायलट खालच्या थरातून दक्षिणेला जातो, वर चढून उत्तरेला परततो, पुन्हा खाली उतरतो, आणि जेथून निघाला त्याच मैदानाजवळ येऊ शकतो. या चौकोनी फेऱ्याला तेथे ‘अल्बुकर्की बॉक्स’ म्हणतात. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. इतर बहुतेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात सगळे बलून क्षितिजापार जातात आणि मुख्य कॅमेऱ्यांपुढे मोकळे मैदान उरते. येथे बॉक्स जुळून आला की गेलेले बलून परत त्याच कॅमेऱ्यांपुढे येतात. उलट टोकाचे उदाहरण आपल्याकडचे आहे. विजयपत सिंघानिया यांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईतून उड्डाण करून २१,०२७ मीटरची विक्रमी उंची गाठली, आणि त्यांचा बलून उतरला तो नाशिक जिल्ह्यात. निघण्याच्या जागी कितीही कॅमेरे लावले, तरी उतरणे टिपण्यासाठी माणसे वेगळीकडेच धावतात.

आता हा वारा पडद्यावर आणायचा कसा, हा खरा प्रश्न. पहिले साधन फार साधे आहे आणि ते कॅमेऱ्यासाठी नव्हे तर पायलटांसाठी असते: हेलियम भरलेला एक लहान फुगा उड्डाणापूर्वी सोडायचा आणि थिओडोलाइट नावाच्या कोनमापक दुर्बिणीने त्याचा माग काढायचा. फुगा कोणत्या वेगाने वर चढतो हे आधीच माहीत असते. त्यामुळे ठरावीक सेकंदांनी दिशेचा आणि उंचीचा कोन मोजत गेले की कोणत्या उंचीवर वारा कोठून कोठे आणि किती वेगाने वाहतो, याचा तक्ता तयार होतो. या फुग्याला पायलट मंडळी पायबॉल म्हणतात. जाणता निर्माता ही मापे आलेखविभागाला देतो, आणि पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी येते: सर्वांत खाली जमीन, त्यावर निरनिराळ्या उंचीवर आडवे बाण, कोणता लांब तर कोणता आखूड, कोणता डावीकडे तर कोणता उजवीकडे. माझ्या मते संपूर्ण प्रक्षेपणात या पट्टीइतकी मोलाची दुसरी चौकट नाही. ती एकदा पाहिली की नंतरचा प्रत्येक बलून म्हणजे एखाद्या थरात चढणारा किंवा थर बदलणारा प्रवासी वाटू लागतो, आणि दोन शेजारी बलून परस्परविरुद्ध दिशांना का चालले आहेत, हे निवेदकाने सांगण्याआधी आपल्यालाच कळते.

अंधारात, सूर्योदयापूर्वी, दिवे लावलेले मोजके बलून आधी वर जातात. १९७८ पासून चालत आलेल्या या प्रथेला अल्बुकर्कीत ‘डॉन पेट्रोल’ म्हणतात. प्रेक्षकाला ती शोभा वाटते, पण खाली थांबलेले पायलट त्यांच्याकडे पाहून वाऱ्याचा अदमास घेत असतात. निवेदकाने हे एका वाक्यात सांगितले तरी त्या दृश्याचा अर्थ बदलतो. तसेच मैदानावरच्या झेंड्याचे. हिरवा झेंडा म्हणजे उड्डाणाला मोकळीक, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आजचे उड्डाण रद्द. जमिनीलगतचा वारा साधारण १० नॉटच्या, म्हणजे ताशी १८ किलोमीटरच्या पुढे गेला की बलून फुगवणे आणि उतरवणे दोन्ही धोक्याचे होते. त्यामुळे झेंडा पिवळ्यावर अडकला की दोन तासांचे थेट प्रक्षेपण हाती घेतलेल्या वाहिनीसमोर रिकामे मैदान असते. पावसामुळे थांबलेल्या क्रिकेट सामन्यात जुने सामने दाखवता येतात. येथे मात्र थांबण्यातच गोष्ट आहे, हे ज्याला समजले तो निर्माता झेंड्याजवळच्या वाऱ्याच्या नळीवर कॅमेरा ठेवतो, हवामानाचा जाणकार बोलावतो आणि सगळे कशाची वाट पाहत आहेत ते उलगडतो. ज्याला समजले नाही, तो खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर फिरत राहतो.

उड्डाण सकाळीच का, हेही याच ओघात सांगायला हवे. सूर्य वर आला की जमीन तापते, तापलेल्या हवेचे झोत वर उठू लागतात आणि थरांची ती नीटस रचना मोडते. म्हणून सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तासच कामाचे. सकाळचा तिरपा प्रकाश कॅमेऱ्यालाही मानवतो, हा त्यातला योगायोगाचा लाभ.

क्रिकेटच्या मैदानाशी तुलना केली तर कॅमेऱ्यांची अडचण चटकन ध्यानात येते. बडोद्याजवळच्या कोटंबीच्या स्टेडियममध्ये डिसेंबर २०२४ मध्ये महिलांचे आंतरराष्ट्रीय सामने झाले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या जागा आधी आखून ठेवता आल्या असतील, कारण खेळपट्टी हलत नाही आणि सीमारेषा ठरलेली असते. बलूनच्या खेळाला खेळपट्टी नाही. मैदानावर एक उंच मचाण, एक-दोन फिरते कॅमेरे, दूरच्या उंचवट्यावर एक लांब पल्ल्याच्या भिंगाचा कॅमेरा, एखाद्या टोपलीत एक, आणि पाठलाग करणाऱ्या गाडीत एक, अशी विखुरलेली मांडणी करावी लागते. लांब पल्ल्याच्या भिंगाचा एक गुण धोक्याचा आहे. ते अंतरे चेपते. एकमेकांपासून पाऊण किलोमीटर लांब असलेले दोन बलून एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात आणि घरी बसलेला माणूस ‘आता धडकणार’ म्हणून दचकतो. त्या चित्रानंतर लगेच मचाणावरचे रुंद चित्र दाखवले तर खरे अंतर कळते. बलूनांच्या वाहतुकीचा नियमही तेथेच सांगावा: वरच्या बलूनने खालच्याला वाट द्यायची असते, कारण खालच्या पायलटला स्वतःच्याच आवरणामुळे डोक्यावरचे काही दिसत नाही.

टोपलीतला कॅमेरा हा प्रत्येक निर्मात्याचा मोह असतो, आणि त्यातच सर्वांत जास्त फसगत होते. टोपलीतून स्वतःचा बलून दिसत नाही, खालची जमीन संथ सरकते, आणि बलून स्वतःभोवती हळूहळू फिरत असल्याने चौकट एका जागी ठरत नाही. पण याच कॅमेऱ्याला वारा पकडण्याची एक दुर्मीळ संधी असते. बलून वाऱ्यासोबतच जात असल्यामुळे टोपलीत एरवी झुळूकही जाणवत नाही. मात्र एका थरातून दुसऱ्या थरात शिरताना काही क्षण चेहऱ्यावर वारा लागतो, कारण नव्या थराचा वेग बलूनने अजून घेतलेला नसतो. टोपलीच्या कडेला बांधलेली फीत तेवढ्यापुरती फडफडते आणि पुन्हा लोंबू लागते. तो क्षण ज्या कॅमेरामनने टिपला, त्याने थराची सीमा अक्षरशः दाखवली. आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खालच्या थरात वारा कोणीकडे आहे हे जाणण्यासाठी काही पायलट दाढीच्या फेसाचा लहानसा गोळा टोपलीबाहेर सोडतात. तो पांढरा ठिपका सरळ खाली जातो, मग एका उंचीवर पोहोचताच एका बाजूला वाहू लागतो, आणि पायलट त्याच्याकडे टक लावून पाहत बर्नरच्या दांड्यावरचा हात आवरून धरतो. कॅमेरा त्या गोळ्यावर खिळवून ठेवला, तर दहा सेकंदांत जे कळते ते दहा मिनिटांच्या निवेदनाने कळत नाही.

दहा सेकंद एका चित्रावर थांबणे हेच आजच्या दिग्दर्शकांना जड जाते. बलूनमधल्या हवेसकट सारे वजन अडीच-तीन टनांच्या आसपास असते. पायलटने बर्नर पेटवला की बलून लगेच वर जात नाही. आतली हवा तापते, ते अवजड धूड हळूहळू गती घेते, आणि परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. उतरतानाही तसेच, म्हणून कसलेला पायलट जमीन जवळ येण्याच्या बराच आधी आच देतो. दर तीन सेकंदांनी चित्र बदलणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातून नेमके हेच निसटते: ज्वाला दिसते, चित्र बदलते, आणि तिचा परिणाम होतो तेव्हा पडद्यावर दुसराच बलून असतो. अशा प्रक्षेपणात ज्वाला निव्वळ आतषबाजी ठरते. ज्वालेपासून उचल दिसेपर्यंत चित्र तोडायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी पायलटचे कसब प्रेक्षकापर्यंत पोहोचेल, अशी माझी खात्री आहे.

चित्र टिपले म्हणजे काम संपले असे नाही. ते खाली आणायचे असते. आपल्याकडे रस्त्यावरून बातमी देणारे वार्ताहर पाठीवर एक पेटी अडकवतात, जिच्यात अनेक सिमकार्डे असतात आणि चित्राचे तुकडे करून ते निरनिराळ्या कंपन्यांच्या जाळ्यांतून पाठवून दुसऱ्या टोकाला जोडले जातात. हवेत ही युक्ती भरवशाची राहत नाही. मोबाइल मनोऱ्यांचे अँटेना जमिनीकडे कललेले असतात आणि उंचावरून एकाच वेळी अनेक मनोरे ‘दिसत’ असल्याने जोडणी या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर उड्या मारते. अमेरिकेत तर ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सेल्युलर फोन उडत्या वाहनात वापरायला नियमाने मनाई आहे, आणि त्या नियमात विमानासोबत बलूनचे नाव स्पष्ट घातलेले आहे. म्हणून टोपलीतून परवानाधारक मायक्रोवेव्ह लहरींनी चित्र पाठवणे अधिक पक्के. या लहरींना समोरासमोरची मोकळी रेषा लागते, जी हवेतल्या बलूनला आयतीच मिळते. बलून झाडांमागे उतरला की मात्र चित्र तुटते. उड्डाणातील सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे उतरणे, आणि नेमके तेच अशा वेळी गाडीतल्या कॅमेऱ्यावर अवलंबून राहते.

या निरनिराळ्या वाटांनी येणारी चित्रे सारख्या वेळेत पोहोचत नाहीत. तारेने जोडलेल्या मचाणावरच्या कॅमेऱ्याचे चित्र जवळजवळ तत्क्षणी येते, तर मोबाइल जाळ्यातून येणारे चित्र एक-दोन किंवा त्याहून अधिक सेकंद मागे असते. मचाणावरून ज्वाला दाखवून लगेच मोबाइल जाळ्यातून येणाऱ्या गाडीतल्या चित्रावर गेले की तीच ज्वाला पुन्हा पेटताना दिसते. हे टाळण्यासाठी नियंत्रण कक्षात सर्वांत मागे असलेल्या चित्राइतकी बाकीची चित्रे मुद्दाम रोखून धरतात. उपग्रहाची वाट घेतली तर त्यात आणखी भर पडते, कारण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो आणि लहरींना वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. उपग्रहावरून येणारे दूरदर्शन भारताने प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवले ते १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात, सुमारे २,४०० खेड्यांत. त्याच काळात आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून ग्रामीण कार्यक्रम सुरू झाले होते. हवेतल्या पायलटशी बोलणाऱ्या निवेदकाला या उशिराचा जाच सर्वाधिक होतो. म्हणून पायलटच्या कानातल्या इअरफोनमध्ये कार्यक्रमाचा सगळा आवाज पाठवतात, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. नाहीतर स्वतःचेच शब्द उशिराने कानावर आदळून भलाभला माणूस बोलता बोलता अडखळतो.

आवाजाची बाब चित्राइतकीच महत्त्वाची आहे. बर्नरचा गर्जल्यासारखा आवाज सुरू झाला की निवेदकाने गप्प बसावे हे उत्तम. दोन गर्जनांच्या मध्ये टोपलीत विलक्षण शांतता असते. खालच्या वस्तीतले कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांच्या हाका स्पष्ट ऐकू येतात. टोपलीत वारा वाजत नसल्याने ध्वनिग्राहकाला केसाळ टोपी घालण्याचीही फारशी गरज नसते. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून एक किलोमीटरवरच्या बलूनची ज्वाला दिसल्यानंतर तिचा आवाज मैदानावर पोहोचायला तीन सेकंद लागतात. लांब भिंगाने चेहरा जवळ आणला आणि आवाज मात्र मैदानावरचा लावला, तर दोन्ही जुळत नाहीत. टोपलीतला आवाज रेडिओलहरींनी घेतला की ते जुळतात, पण दूरवरून पाहत असल्याची जाणीव हरवते. दोन्हींपैकी काय निवडावे याचे एकच एक उत्तर नाही. मला मात्र जवळच्या चित्राला जवळचा आणि दूरच्या चित्राला दूरचा आवाज दिलेला बरा वाटतो.

संध्याकाळी दोरांनी बांधलेले बलून जमिनीवरच उभे करून आकडे मोजत एकाच वेळी बर्नर पेटवतात, तेव्हा कॅमेऱ्याची वेगळी परीक्षा होते. प्रकाशाचे प्रमाण आपोआप ठरवणारा कॅमेरा ज्वाला पेटताच चित्र अंधारे करतो आणि विझताच उजळ करतो, त्यामुळे पडदा धापा टाकतो. उपाय एकच: भिंगाचे तोंड हाताने ठरवून, पेटलेल्या कापडाचा रंग नीट दिसेल एवढ्यावर पक्के ठेवायचे आणि मधला काळोख काळोखच राहू द्यायचा. सकाळच्या प्रक्षेपणात घरच्या टीव्हीवर आणखी एक खोट दिसते. निरभ्र आकाशाची निळाई क्षितिजाकडे अलगद फिकट होत जाते, पण पडद्यावर तिच्या जागी निळ्या पायऱ्या उमटतात. ८-बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ च पायऱ्या असतात आणि प्रसारणासाठी चित्र दाबताना त्यांतल्याही काही एकवटतात. १०-बिट चित्रात १,०२४ पायऱ्या असल्याने ही खोट बरीचशी जाते. आपला टीव्ही बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावण्याची गरज नाही.

इतके सव्यापसव्य करण्यापेक्षा ड्रोन का उडवत नाहीत, असे कोणीही विचारील. माणसे वाहणाऱ्या कापडाच्या आणि धगधगत्या बर्नरच्या आसपास बेभरवशाची फिरती पाती नकोत, हे त्याचे सरळ उत्तर. अल्बुकर्कीत महोत्सवाच्या काळात त्या भागात ड्रोनला मनाई केली जाते. हेलिकॉप्टरच्या पात्यांखालून येणारा हवेचा झोत तर आवरण चेपू शकतो, म्हणून त्याने पुष्कळ दूरच राहायचे.

स्पर्धांच्या वेळी वारा दाखवणे तुलनेने सोपे होते, कारण तेथे एक लक्ष्य असते. जमिनीवर मोठी फुली मांडतात, पायलट काही किलोमीटर लांबून निघतात आणि फुलीवरून जाताना वाळूची लहान पिशवी बांधलेली लांब फीत टाकतात. फुलीच्या सर्वांत जवळ ज्याची फीत पडेल तो पुढे. बलूनमधील जीपीएस नोंदींवरून प्रत्येकाचा मार्ग नकाशावर आणि उंचीसह रेखाटला, तर एकाने थर लवकर बदलला आणि दुसरा उशीर करून हुकला, हे रेषेतूनच वाचता येते. १९०६ पासून चाललेल्या गॉर्डन बेनेट चषकासारख्या, गरम हवेऐवजी हलका वायू भरलेल्या बलूनांच्या शर्यती मात्र काही दिवस चालतात. त्यांचा पाठपुरावा नकाशावरच्या ठिपक्यांनीच करावा लागतो.

अपघाताबद्दलही बोललेच पाहिजे. विजेच्या तारा हा या खेळातला मोठा धोका आहे, आणि बलूनला आग लागली की काय होते हे फेब्रुवारी २०१३ मध्ये इजिप्तमधील लक्झर येथे जगाने पाहिले; त्या दुर्घटनेत एकोणीस माणसे दगावली. थेट प्रक्षेपणात असे काही घडताना दिसले, तर लांब भिंग तत्काळ मागे घेऊन रुंद चित्रावर जाणे, आणि टोपलीतल्यांच्या घरच्यांना ही बातमी पडद्यावरून पहिल्यांदा कळणार नाही याची काळजी घेणे, ही पूर्वतयारी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी झालेली असली पाहिजे. त्या क्षणी ठरवू म्हणणारा दिग्दर्शक नेहमी उशिरा पोहोचतो.

मांडू आणि पुष्करपर्यंत बलून आले आहेत, त्यामुळे असा महोत्सव कधी बडोद्याजवळ भरला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आनंदच होईल. आपल्याकडे खोऱ्याचा तो बॉक्स नाही. सपाट मुलूख आहे, आणि हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, कधी त्यात धुकेही असते. उड्डाणाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आणि हरणीच्या विमानतळामुळे हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय लागेल. म्हणून मैदान शहराबाहेर, तारा नसलेल्या पट्ट्यात शोधावे लागेल. निघालेले बलून परत येणार नाहीत, हे गृहीत धरून प्रक्षेपणाची आखणी करावी लागेल: मैदानावर कॅमेरे कमी, वाऱ्याच्या दिशेला खाली असलेल्या गावांच्या वाटेवर अधिक. आदल्या काही सकाळी पायबॉल सोडून कोणत्या उंचीवर कोणता वारा येतो त्याची नोंद ठेवली, तर पाठलागाच्या गाड्या कोणत्या रस्त्याला उभ्या करायच्या ते ठरेल. ज्या शेतांत बलून उतरू शकतात त्यांच्या मालकांशी आधी बोलून ठेवणेही याच कामात येते, कारण हिवाळ्यात तेथे पिके उभी असतात. आणि निवेदनाला एक माणूस असा हवा, ज्याने पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत, किंवा गच्चीवर वर्षानुवर्षे पतंग उडवला आहे, ज्याला पट्टीवरचे ते आडवे बाण पाहताच कोणत्या थरात ओढ आहे ते सांगता येईल.